दोन लेगची फायनल अन्यायकारक? मग हा हिशोब बघा

गेले काही दिवस मुंबईतल्या फुटबॉलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: खंडीय क्लब स्पर्धेची फायनल दोन लेगमध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या घरी एकेक सामना अशी, खेळवणं हीच चूक होती. दुसरा लेग ज्याच्या घरी, चषक त्याचाच. पहिल्या लेगमध्ये दोन्ही संघ अंग चोरून खेळतात. २०१८ मध्ये ब्युनोस आयर्सला जो राडा झाला, त्यानंतर ही पद्धत गुंडाळावीच लागली. आता सगळं जग तटस्थ मैदानावरच्या एका सामन्याकडे वळलंय, कारण खरा न्याय तिथेच होतो. एवढ्या ठामपणे लिहिलेलं वाचून चांगली जाणकार मंडळीही माना डोलावत आहेत, म्हणून हे लिहितोय.

सर्वांत जास्त पटणारा मुद्दा आधी घेऊ: दुसरा लेग घरी, म्हणजे चषक घरी. आपल्याच खंडाचा इतिहास काढा. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये २००२-०३ च्या पहिल्या हंगामापासून २०२३-२४ पर्यंत १५ फायनल दोन लेगच्या झाल्या. दुसरा लेग घरी खेळणारा संघ त्यात ७ वेळा जिंकला आणि दुसरा लेग परक्या मैदानावर खेळणारा ८ वेळा. नाणं उडवलं तरी साधारण हेच आलं असतं.

यातली २००४ ची फायनल तर प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. जेद्दाहचा अल इत्तिहाद पहिला लेग स्वतःच्या प्रेक्षकांसमोर १-३ असा हरला. दुसरा लेग दक्षिण कोरियात, सियोंगनामच्या मैदानावर. तिथे जाऊन त्यांनी ५-० ने सामना मारला आणि चषक उचलला. २०१४ मध्ये वेस्टर्न सिडनी वाँडरर्स हा जेमतेम दोन वर्षांचा क्लब होता. घरी मिळवलेला एकच गोल घेऊन ते रियाधला गेले आणि अल हिलालच्या भरलेल्या मैदानात ०-० रोखून विजेते झाले. २०१९ मध्ये त्याच अल हिलालने दुसऱ्या लेगमध्ये जपानच्या उरावाला त्यांच्या सैतामात २-० हरवलं. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं काहीही तपासलेलं दिसत नाही.

आता तटस्थ मैदान. माझा खरा राग इथे आहे. फायनलचं ठिकाण बहुतेक वेळा फायनलचे संघ ठरण्याआधीच ठरतं आणि फायनलला कोण पोहोचेल ते कुणाच्याच हातात नसतं. मग काय होतं? २०२२ च्या आफ्रिकन चॅम्पियन्स लीगची फायनल कासाब्लांकात, वायदादच्या घरच्या मैदानावर झाली आणि वायदादने इजिप्तच्या अल अहलीला २-० हरवलं. २०२३ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या कोपा लिबर्टाडोरेसची फायनल माराकानावर झाली. ते फ्लुमिनेन्सचं घर, जिंकले तेच. २०२५ मध्ये आशियाची फायनल जेद्दाहला आणि विजेता जेद्दाहचाच अल अहली, कावासाकीवर २-०. घरचा संघ प्रत्येक वेळी जिंकतोच असं मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये बायर्न स्वतःच्या म्युनिकमध्ये चेल्सीकडून पेनल्टीवर हरलं. पण दोन लेगमध्ये दोघांनाही एकेकदा घर मिळतं. एका सामन्यात मिळालंच तर एकालाच मिळतं आणि दुसऱ्याला त्याची भरपाई कुठेच नसते. न्यायाच्या नावाने हे कसं खपवून घ्यायचं?

आपल्याला तर हे बाहेर शोधायलाही जायला नको. मे २०२४ मध्ये इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल एकाच सामन्याची होती आणि ती झाली कोलकात्यात, मोहन बागानच्या सॉल्ट लेकवर. मुंबई सिटीने ३-१ ने जिंकून दाखवलं हा पोरांचा पराक्रम. त्याने व्यवस्था न्याय्य ठरत नाही.

पहिला लेग रटाळ असतो म्हणे. २०१८ च्या कोपा लिबर्टाडोरेस फायनलला बोकाच्या बोंबोनेरा मैदानावर बोका आणि रिव्हर २-२. २०१३ च्या आशियाच्या फायनलला सेऊलमध्ये ग्वांगझू आणि एफसी सेऊल २-२. २०२४ च्या आशियाच्याच फायनलला योकोहामात मारिनोस मागे पडून २-१ ने पुढे गेले, आणि पुढच्या लेगमध्ये अल ऐनने ५-१ करून सगळं उलटवलं. यातला कुठला सामना अंग चोरून खेळलेला वाटतो?

२०१८ च्या राड्याबद्दल मात्र सरळ खोटं पसरवलं जातंय. दुसऱ्या लेगआधी रिव्हरच्या मोनुमेंताल मैदानाजवळ बोकाच्या बसवर दगडफेक झाली ती २४ नोव्हेंबर २०१८ ला. खेळाडूंना काचा लागल्या, सामना पुढे ढकलला आणि शेवटी ९ डिसेंबरला माद्रिदमध्ये खेळवला गेला. पण २०१९ पासून एकाच सामन्याची फायनल घ्यायचं कॉन्मेबोलने, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने, त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर केलं होतं, म्हणजे दगड पडायच्या नऊ महिने आधी. तेव्हा कारण दंगल नव्हतंच. एक तारीख, एक शहर, महिनोन्‌महिने आधी विकता येणारा एक कार्यक्रम, हे गणित होतं. आणि एका सामन्याने गोंधळ टळतो म्हणावं, तर युरोपच्या चॅम्पियन्स लीगची २०२२ ची पॅरिसची फायनल आठवा. लिव्हरपूलचे तिकीटधारक गेटबाहेर अडकले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, किक-ऑफ अर्ध्या तासाहून जास्त लांबला.

सगळं जग वळलं, हेही खरं नाही. आफ्रिकेने २०२० ते २०२२ एकच सामना खेळवून पाहिला आणि २०२३ पासून पुन्हा दोन लेग आणले.

एक गोष्ट मान्य आहे. पहिल्या लेगमध्ये ३-० झालं की दुसरा बऱ्याचदा निर्जीव होतो. २००८ च्या आशियाच्या फायनलला गांबा ओसाका आणि अ‍ॅडलेडचं तसंच झालं. पण एका सामन्याच्या फायनलही एकतर्फी होतातच की.

आणि दोन लेगच्या मधल्या दिवसांचं काय? २०१३ च्या कोपा लिबर्टाडोरेस फायनलला ब्राझीलचे अतलेतिको मिनेरो १७ जुलैला असुन्सिओनमध्ये ऑलिंपियाकडून ०-२ हरले. २४ जुलैला घरच्या मिनेराओवर ८७व्या मिनिटाला लिओनार्दो सिल्वाचं हेडर जाळ्यात गेलं, एग्रीगेट, म्हणजे दोन्ही लेगचे मिळून गोल, २-२ झालं आणि पेनल्टीवर चषक त्यांचा. तो एक आठवडा बेलो होरिझोंतेच्या लोकांनी कसा काढला असेल हे मुंबईकराला सांगायला नको. एप्रिल २०२४ मध्ये आयएसएलच्या सेमीफायनलला गोव्यात फातोर्डावर ०-२ मागे असताना नव्वदाव्या मिनिटापासून तीन गोल मारून आपण, म्हणजे मुंबई सिटी, ३-२ जिंकलो, आणि मग अंधेरीच्या दुसऱ्या लेगपर्यंतचे पाच दिवस ऑफिसात, लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. अंधेरीत आपण २-० ने जिंकलो तेव्हा स्टँडमध्ये शाळेचा गणवेश घातलेली पोरं होती, पन्नाशीचे काका होते. यातले किती जण विमानाचं तिकीट काढून जेद्दाहला जाऊ शकले असते?