पेंचच्या गावांना हाकला म्हणणाऱ्यांसाठी

‘पेंचला जाताय? आधी हे वाचा’ असा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या नागपुरात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आहे. पेंच म्हणजे महाराष्ट्र-मध्यप्रदेश सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला व्याघ्रप्रकल्प. परवा तो माझ्या सख्ख्या बहिणीनेच घरच्या ग्रुपवर टाकला. खाली पुण्याच्या भाऊजींनी लगेच लिहिलं, ‘बापरे, डोळे उघडले!’ भाऊजी डिसेंबरात सहकुटुंब येणार आहेत, सफारीच्या जिप्सीचं बुकिंग मी करायचं आहे. म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर असल्या पोस्टी मी वाचतही नाही.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: खरे वाघ मध्यप्रदेशात, महाराष्ट्राच्या पेंचमध्ये नुसती झाडं. हायवेवरचे पूल म्हणजे पैशाची माती, त्याखालून कुत्रंसुद्धा जात नाही. जंगलाचे खरे शत्रू तिथले गावकरी, ते आत घुसलेत, त्यांना हाकला. आणि मोगली इथलाच.

वाघांचं आधी उरकतो. २०२२ च्या गणनेत मध्यप्रदेशच्या पेंचमध्ये ७७ वाघ नोंदले गेले, आपल्याकडे त्याहून कमी. त्यांच्या तुरिया गेटला वाघ दिसायची शक्यता जास्त, घ्या, मान्य. पण आपल्या बाजूच्या खुर्सापार गेटचं जंगल त्याच जंगलाला लागून आहे. पर्यटकाला जाणवणारा मोठा फरक म्हणजे दोन राज्यांची बुकिंगची पोर्टलं वेगळी आहेत. ‘नुसती झाडं’ बघायला लोक खुर्सापारच्या तारखांसाठी भांडत नाहीत.

पुलांच्या मुद्द्यावर मात्र मला हसूच आलं. खालून कुत्रंही जात नाही असं ठणकावून सांगणारा हा लेखक दोनच परिच्छेदांनंतर सुचवतो की रात्री त्याच पुलाखाली गाडी लावून, दिवे बंद करून बसा, वाघ फुकटात दिसेल. अरे भाऊ, एक काहीतरी ठरव! नागपूर-जबलपूर मार्गावर, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, पेंचमधून जाणाऱ्या साधारण १६ किलोमीटरमध्ये नऊ ठिकाणी जनावरांना खालून जायला वाट ठेवली आहे. सर्वात लांब पूल ७५० मीटरचा आहे. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर तिथे कॅमेरे लावले, तर १८ जातींचे वन्यप्राणी ये-जा करताना टिपले गेले. त्यात ११ वेगवेगळे वाघ, मिळून ८९ वेळा. रात्री तिथे गाडी लावून बसलात तर ज्या जनावरासाठी ती वाट बांधली त्यालाच अडवाल, आणि वनखात्याने धरलं तर मला फोन करू नका.

आता गावकरी. ‘ते जंगलात घुसलेत’ हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं.

भाऊजी आमच्याकडे आले की सकाळी नळाखाली बादली लावतात ना, ते पाणी कुठून येतं? नागपूरकर नळाच्या पाण्याला पेंचचं पाणीच म्हणतो. दोन्ही राज्यांच्या सीमेवर तोतलाडोहला धरण झालं, वीज झाली, खाली नवेगाव खैरीतून शहराला पाणी आलं. पेंच नदीत पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे लोक मात्र एकीकडून धरणाने आणि दुसरीकडून राष्ट्रीय उद्यानाने बाहेर काढले. घुसलं कोण, ते आता तुम्हीच सांगा.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. मध्यप्रदेशने उद्यानाच्या क्षेत्रात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना तोतलाडोहात मासेमारीचे ३०५ परवाने दिले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की जंगल आणि व्याघ्रप्रकल्प जपायचाच, पण तिथे पूर्वी राहणाऱ्या आदिवासींच्या जगण्याच्या हक्काचाही नीट विचार झाला पाहिजे. परवाने रद्द केले नाहीत, अटी घातल्या: ओळखपत्र हवं, ठरलेल्या वाटेनेच यायचं, बेटांवर जायचं नाही, काठावर आग पेटवायची नाही, पाण्यात प्लास्टिक टाकायचं नाही. यातल्या शेवटच्या दोन अटी नवेगाव खैरीला पिकनिकला जाणाऱ्यांना लावून बघा.

तोतलाडोहात चोरटी मासेमारी झाली, जाळी पकडली गेली, हे खोटं नाही. त्यावरून सगळी गावं चोर ठरवायची तर पर्यटकांचाही हिशेब काढू. ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्हीकडून घेरलं. व्हिडिओ इतका फिरला की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्सी चालवणारे स्थानिकच होते, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण मागच्या सीटवरून ‘जवळ घे ना, फोटो नीट येत नाही’ हा आवाज कोणाचा असतो, ते सफारीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

उलट बाजूही बघा. २०२२ च्या जानेवारीत मध्यप्रदेशच्या पेंचमधली कॉलरवाली वाघीण गेली. आठ वेतांत २९ बछडी दिलेली. तिची चिता फुलांनी सजवली होती, लोकांनी हात जोडले आणि अग्नी दिला तो तिथल्याच एका आदिवासी बाईने. २०२४ मध्ये आपल्या बाजूच्या पेंचला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखलेलं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलून प्रकाश खाली वळवला. ही पोस्ट लिहिणाऱ्याने आपल्या गच्चीवरचा हॅलोजन तरी कधी बंद केलाय का?

राहता राहिला मोगली. ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या किपलिंगने गोष्टी मध्यप्रदेशातल्या शिवनीच्या डोंगरात घडवल्या, एवढंच त्यात खरं. ‘मोगलीचं घर दाखवतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर भाऊजी, देऊ नका. त्यापेक्षा गाइडला सफारी संपल्यावर चहा पाजा आणि त्याचं गाव कुठलं ते विचारा. बुकिंग मी आपल्या बाजूच्या सिल्लारी गेटचं करतोय.