'द वायर'मधली चार मुलं आधीच हरलेली आहेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुद्दे नीट मांडलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: बाल्टिमोर शहराच्या गरीब वस्तीतली चार काळी मुलं (रँडी, ड्युकी, नेमंड आणि मायकल) 'द वायर' या अमेरिकी मालिकेच्या चौथ्या सीझनमध्ये पहिल्या भागापासून बुडणारीच दाखवली आहेत, म्हणजे हे गरिबीचं प्रदर्शन आहे. शाळा आणि शिक्षक कुचकामी ठरवले आहेत. आणि जो एक मुलगा वाचतो, तो एका भल्या माणसाच्या कृपेने वाचतो. पहिले दोन मुद्दे मला पटत नाहीत, तिसरा अर्धा पटतो. चौथा एक मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण असायला हवा होता. त्यावर शेवटी येतो.

(ज्यांनी हा सीझन पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं उघड होणार आहे.)

'आधीच हरलेली' हा शब्द मला खटकला. सप्टेंबर ते डिसेंबर २००६ या काळात एचबीओवर आलेल्या या तेरा भागांत नशिबाच्या खात्यावर जवळजवळ काहीच टाकलेलं नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणी काय ठरवलं, ते दाखवलंय. रँडीचंच घ्या. हा मुलगा शाळेत गोळ्या-चॉकलेटं विकतो, मधल्या सुट्टीचं गणित त्याला पाठ आहे, आणि त्याची पालक-आई मिस ॲना कडक असली तरी प्रेमळ आहे. म्हणजे घरची बाजू तशी सावरलेली. थोड्या पैशांसाठी तो शाळेच्या बाथरूमबाहेर पहारा देतो. आत गेलेल्या मुलीने नंतर बलात्काराची तक्रार केली, की प्रकरण उपमुख्याध्यापिका डॉनलींकडे जातं. घरी कळवण्याची वेळ येते. रँडीला भीती एकाच गोष्टीची, पुन्हा बालगृहात जावं लागण्याची. म्हणून तो सुटकेसाठी सांगून टाकतो की एका खुनाबद्दल मला माहीत आहे.

इथून पुढे तो मुलगा हातातून हातात जातो. गणिताचा शिक्षक प्रेझ पूर्वी पोलीस होता. तो विश्वासाने जुन्या साहेबाला, डॅनियल्सना गाठतो. ते कार्व्हर या पोलिसाकडे पाठवतात. कार्व्हरने त्याला खुनाच्या तपासावर असलेल्या बंककडे पोचवायचं, पण तो सोपवतो पोलिसातल्याच मित्राला, हर्कला. हर्कला रँडीची काळजी नाही, त्याला स्वतःची अडचण सोडवायची आहे. दुसऱ्या संशयिताला घाबरवताना तो रँडीकडून कळलेला तपशील बोलून जातो. वस्तीत बातमी पसरते की रँडी खबऱ्या आहे. मारहाण होते. घराबाहेर पोलिसांची गाडी उभी केली जाते, खोट्या कॉलने ती हटवली जाते, आणि घरावर पेटते बॉम्ब पडतात. मिस ॲना गंभीर भाजते. मग कार्व्हर धावतो, मी याला माझ्या घरी नेतो म्हणतो. उत्तर मिळतं की पालक म्हणून मान्यता मिळायला प्रशिक्षण, चौकशी आणि काही महिने लागतात. रँडी बालगृहात जातो.

यात हर्क सोडला तर कोणीही बेपर्वा नाही. प्रेझने बरोबर माणूस शोधला, डॅनियल्सने बरोबर नाव सुचवलं, पालकत्वाचे नियम मुलांच्या भल्यासाठीच आहेत. सहा हातांपैकी एक हात सैल पडला. हा मुलगा हरलेला असता तर ही साखळी दाखवायची गरजच नव्हती. तो बुडतो कारण त्याने मोठ्यांवर विश्वास ठेवला, आणि हे बघताना माझ्या तरी पोटात खड्डा पडतो.

आता शाळेबद्दल. या सीझनचा शाळेचा भाग एड बर्न्स यांच्या अनुभवावर उभा आहे. ते आधी बाल्टिमोर पोलिसांत होते, नंतर तिथल्याच सरकारी शाळेत सात वर्षं शिक्षक. त्यामुळे एडवर्ड टिलमन ही शाळा काल्पनिक असली तरी तिथले हिशेब खरे आहेत. कटी नावाचा माणूस तुम्हाला आठवत असेल. कागदोपत्री तो शाळेत सफाईकाम करतो, प्रत्यक्षात घराघरांतून गैरहजर मुलं गोळा करून आणतो. त्याला लवकरच कळतं की प्रत्येक मूल सप्टेंबरात एक दिवस आणि ऑक्टोबरात एक दिवस आलं की पुरे, अनुदानापुरती हजेरी लागली. त्यानंतर त्या मुलाला पुन्हा आणायचं कारण नाही. बाल्टिमोर ज्या राज्यात आहे त्या मेरीलँडमध्ये शाळांचं राज्य अनुदान ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना ही तारीख वेगळी सांगायला नको, आपली संचमान्यताही (कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणं) त्याच दिवसाच्या पटावर होते. पटावरची मुलं खरोखर शाळेत आहेत का हे बघणारी ऑक्टोबर २०११ मधली पटपडताळणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कटीचं काम एका वाक्यात कळेल.

परीक्षेचंही तसंच. मेरीलँडची एमएसए ही परीक्षा तिसरी ते आठवीला मार्चमध्ये व्हायची, वाचन आणि गणित. २००२ च्या केंद्रीय कायद्याने २०१४ पर्यंत प्रत्येक मूल 'प्रवीण' व्हायला हवं होतं, नाहीतर शाळेवर एकापाठोपाठ एक कारवाई. ही धमकी पोकळ नव्हती. मार्च २००६ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने बाल्टिमोरच्या अकरा शाळा शहराकडून काढून घेण्याचा निर्णय घेतला, त्यात सात मिडल स्कूल होत्या. विधिमंडळाने तो अडवला. तेव्हा प्रेझसारख्या गणिताच्या शिक्षकालाही वर्गात भाषेचे नमुना प्रश्न सोडवून घ्यायला लावतात, ते मुख्याध्यापक मूर्ख आहेत म्हणून नाही.

शिक्षक कुचकामी दाखवलेत, हे तर मी अजिबात मान्य करणार नाही. प्रेझ पहिल्या आठवड्यांत सपशेल कोलमडतो. शाळा सुरू झाल्या झाल्या त्याच्या वर्गात लटिशा दुसऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर ब्लेड ओढते. पण पुढे काय होतं ते आठवा. तळघरातल्या गोदामात त्याला न उघडलेली नवी पुस्तकं सापडतात, आणि खेळांच्या खोक्यांतले फासे. तो फासे वर्गात आणतो. दोन फाशांच्या मिळून ३६ जोड्या. सात येण्याच्या त्यातल्या सहा, म्हणजे सहात एक. दोन किंवा बारा येण्याची जोडी फक्त एकेक. गल्लीत फासे टाकणाऱ्या मुलांना हे शिकवायला फळा लागत नाही, पैज लागते. रँडी ते शिकून रस्त्यावर जिंकूनही येतो. संभाव्यता शिकवण्याचा इतका नेमका पाठ मला दुसऱ्या कुठल्या मालिकेत दिसलेला नाही. ग्रेस सॅम्पसनसारखी मुरलेली शिक्षिका शेजारच्याच वर्गात आहे, तिचा वर्ग शांत चालतो. म्हणजे चांगलं शिकवणं अशक्य आहे, असं हा सीझन म्हणतच नाही.

ड्युकीचं दुःख याच कारणाने जास्त बोचतं. घरचे त्याचे कपडेसुद्धा विकून नशा करतात. प्रेझ त्याच्यासाठी सकाळी शाळेत अंघोळीची सोय करतो, कपडे धुऊन आणतो, जेवण पुरवतो, कॉम्प्युटर लावून देतो. मुलगा फुलतो. आणि मग वर्षाच्या मध्येच त्याला नववीत चढवलं जातं, कारण खालच्या वर्गात जागा हवी आहे. कागदावर ही बढती आहे. त्याच्यासाठी मात्र अंघोळ, डबा आणि ओळखीचा माणूस, सगळं एका दिवसात गेलं. तो हायस्कूलच्या दारापर्यंत जातो, मुलांचा लोंढा बघतो आणि मागे फिरतो.

तुमचा तिसरा मुद्दा नेमंडचा. माजी पोलीस अधिकारी कॉल्विन आणि विद्यापीठाचे संशोधक रस्त्याच्या कोपऱ्यावर, ड्रग्जच्या धंद्यात ओढल्या जाणाऱ्या दहा मुलांचा वेगळा वर्ग करतात. त्यात एक साधी गोष्ट बरोबर ओळखली आहे: नेमंडला शाळेतून निलंबन म्हणजे सुट्टी, ती त्याला हवीच असते. म्हणून कितीही दंगा केला तरी वर्गाबाहेर काढायचंच नाही. काही आठवड्यांत मुलं बोलू लागतात. पण परीक्षेचा अभ्यासक्रम तिथे शिकवत नाहीत म्हणून वर्ग बंद होतो. शेवटी कॉल्विन एकट्या नेमंडला घरी नेतो. तुम्ही म्हणता तसा हा एका भल्या माणसाचा उपकार आहेच. फक्त हेही लक्षात घ्या की चौघांत नेमंडकडेच नवे कपडे आणि भरलेलं घर होतं. रँडीचं घर जळालं, ड्युकीला घरच उरलं नाही, आणि मायकल धाकट्या भावापासून ताटातूट होईल या भीतीने समाजसेविकेकडे जायला नकार देतो. हा शेवट सुखाचा म्हणून दाखवलेला नाही, असं मला वाटतं. तरी तो फार कौतुकाने टिपलाय, तिथे तुमच्याशी सहमत.

आता चौथा मुद्दा. याच वर्षांत खऱ्या बाल्टिमोरमध्ये शाळकरी मुलं रस्त्यावर होती. नागरी हक्क चळवळीतल्या बॉब मोझेस यांच्या कामातून उभा राहिलेला 'बाल्टिमोर अल्जिब्रा प्रोजेक्ट' तिथली मुलं स्वतः चालवत होती. ती एकमेकांना गणित शिकवत, त्याचं मानधन घेत, आणि राज्याने शहराच्या शाळांचे पैसे थकवलेत म्हणून वर्ग सोडून निदर्शनं करत. २००४ मध्ये न्यायाधीश जोसेफ कॅप्लान यांनी राज्याने निधी कमी दिल्याचं मान्यही केलं होतं. मालिकेत ५ कोटी ४० लाख डॉलरची तूट महापौर आणि गव्हर्नर यांच्या राजकारणात फिरते, पण त्या पैशासाठी उभं राहिलेलं एकही मूल दिसत नाही. संघटित मुलं, संघटित पालक, कोणीच नाही.

आणि मुली. चार मुख्य पात्रं, चारही मुलगे. ब्लेडच्या त्या प्रसंगानंतर लटिशा जमिनीवर बसून राहते. वर्गात ज्याच्याशी कोणी बोलत नाही तो ड्युकी तिच्याजवळ जाऊन बसतो, आणि भंगारातून दुरुस्त केलेला हातातला छोटा पंखा तिच्या चेहऱ्यासमोर धरतो. संपूर्ण सीझनमधला हा मला सगळ्यात जवळचा क्षण. पण तो ड्युकीबद्दल सांगतो. लटिशा कुठे राहते, जिचा चेहरा चिरला त्या मुलीच्या घरी त्या रात्री काय झालं, तिकडे कॅमेरा एकदाही वळत नाही.