झेरॉक्सला भ्या म्हणणारी पोस्ट अंगठ्याबद्दल गप्प

‘आधारची झेरॉक्स दिली की खातं साफ. ई-केवायसी करू नका, त्या खासगी कंपन्यांवर सरकारचा काही ताबा नाही. ५०० रुपये भरून आधार रिन्यू करा, डिजिलॉकर चालत नाही.’ यवतमाळकडच्या आमच्या गावच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. शेताचा सातबारा मोठीमायच्या नावावर आहे आणि तिनं पीएम-किसानची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून होणारी ओळखीची पडताळणी, अडवून धरली आहे. “काहाले अंगठा देऊ बापा, सारं खातं साफ होते म्हन्तेत!” २००० चा हप्ता अडकला तर मेसेजवाला भरून देणार का?

ताबा नाही हे धादांत खोटं. २०१६ चा आधार कायदा उघडून बघा. तुमची ओळख पडताळायला त्या संस्थेला आधार प्राधिकरणाची (यूआयडीएआय) मंजुरी लागते, तुमची संमती लागते. नियम मोडला तर कलम ३३ए खाली एक कोटीपर्यंत दंड. अंगठ्याचं यंत्रसुद्धा सरकारच्या एसटीक्यूसी या तपासणी संस्थेनं तपासून प्रमाणित केलेलं लागतं. आता कायदा गावात रोज पाळला जातो, असं मी म्हणत नाही.

नुसत्या झेरॉक्सवर खात्यातून पैसे निघत नाहीत. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्याच बंगळुरू कार्यालयानं झेरॉक्स देऊ नका असं पत्रक काढलं होतं, हे मान्य. दोन दिवसांत ते मागे घेतलं, ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. तरी धाकधूक असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क आधार द्या.

खरी चोरी होते ती अंगठ्यावर. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. दारात पैसे काढायचं मशीन घेऊन आलेला म्हणतो, “नाही लागला मावशी, परत ठेवा.” पहिल्याच वेळी पैसे निघालेले असू शकतात. पावती मागा, मेसेज आला का बघा. रबरी ठशांनीही पैसे काढल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. १ जानेवारी २०२६ पासून अशा मशीनवाल्या ऑपरेटरांची कसून तपासणी बँकांना रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केली आहे, पण त्यावर विसंबू नका, घरीच आधारच्या अधिकृत ॲपवर बायोमेट्रिक (म्हणजे ठसे) लॉक करा. फुकट आहे. ई-केवायसी मग ओटीपीवर होते, अंगठा द्यायचं कामच नाही.

बाकीचं किरकोळ. आधार रिन्यू करण्याची भानगडच नाही. केंद्रावर पत्ता बदलायला ७५, ठसे अद्ययावत करायला १२५ रुपये. डिजिलॉकर या सरकारी ॲपमधून मिळालेला दाखला नियमांनुसार मूळ कागदाइतकाच ग्राह्य.

मोठीमायचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे, ओटीपी येतो. या आठवड्यात तिची ई-केवायसी मीच करून देतो.