तीन महिने स्वतः भरा, सहा महिने पगार घ्या? ईएसआयसीला असं दारच नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या, बचत गटांच्या आणि शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार जणींकडून आला. एकीने तर खाली “ताई, हे करूनच टाकू का?” असं विचारलं, म्हणून हे लिहायला बसले. मेसेज ईएसआयसीबद्दल, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाबद्दल आहे. तो असा:

“नोकरी नसलेल्या, घरगुती व्यवसाय करणाऱ्या भगिनींनो! ईएसआयसीचे फक्त तीन महिन्यांचे हप्ते स्वतः भरा आणि बाळंतपणात २६ आठवड्यांचा पूर्ण पगार मिळवा. गरोदर असाल तरी चालेल. ई-श्रम कार्ड असेल तर आणखी सोपं. नाव लावून देण्याची सोय आहे. २०१७ पासून सुरू आहे, पण कोणी सांगत नाही.”

वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं आणि ईएसआयची चलनं भरण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे या मेसेजमधलं खरं कुठे संपतं आणि थाप कुठे सुरू होते, ते मला पहिल्या वाचनातच दिसलं. गंमत म्हणजे त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कुठे ना कुठे खरा आहे. नुसती थाप असती तर एवढी फिरली नसती.

“हप्ते स्वतः भरा”

हे काही एलआयसीच्या पॉलिसीसारखं नाही की खिडकीवर गेलो, पैसे भरले, पावती घेतली. राज्य विमा योजना कामगाराची आहे आणि कामगार म्हटला की मालक आला. विमा क्रमांक मालकाच्या लॉगिनमधून तयार होतो, दर महिन्याची हजेरी आणि पगार मालक चढवतो आणि चलनही त्याच्याच कोडवर निघतं. घरी ब्लाउज शिवणारी, डबे करणारी, शिकवण्या घेणारी बाई या साखळीत बसतच नाही. तिच्या नावाचं चलन काढायला पडद्यावर जागाच नाही.

मोह का होतो, ते हिशेबात दिसतं. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तरच ही योजना लागू होते. समजा पगार १८,००० आहे. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये. मालकाचा ३.२५ टक्के, म्हणजे ५८५. मिळून महिन्याला ७२०. तीन महिन्यांचे झाले २,१६०. आणि २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, दिवसाला साधारण ६०० रुपयांनी १,०९,२०० रुपये. दोन हजार भरून लाख मिळणार असेल तर सातव्या महिन्यात रांग लावायला कोण थांबेल? सगळ्यांनीच तसं केलं तर पैसे येणार कुठून, हा प्रश्न मेसेज लिहिणाऱ्याला पडला नसावा.

“पण स्वेच्छेने सामील होता येतं, असं मी स्वतः वाचलंय,” असं मला एका भाऊंनी ठणकावून सांगितलं. वाचलं असेल, पण ते दुकानाबद्दल आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर योजनेत येता येतं. म्हणजे स्वेच्छा आस्थापनेची, एकट्या बाईची नाही. स्वतः पैसे भरण्याची आणखी एक सोय आहे, वर्षाला १२० रुपयांची. ती किमान पाच वर्षं विम्यात राहून निवृत्त झालेल्या कामगारासाठी आणि त्याच्या जोडीदारासाठी आहे, आणि तीही फक्त औषधोपचारासाठी. बाळंतपणाच्या पगाराशी तिचा संबंध नाही.

“फक्त तीन महिने”

हा आकडा कुठून आला असेल, यावर मी बराच वेळ घालवला. मेसेजसोबत जो तक्त्याचा फोटो फिरतोय तो मोठा करून पाहा. रकमांपुढे रुपया नाही, पेसोचं चिन्ह आहे. माझ्या मते फिलिपिन्समधला नियम कोणीतरी उचलून ईएसआयसीच्या नावाला चिकटवला.

तिकडे खरोखरच तसं आहे. फिलिपिन्सच्या सामाजिक सुरक्षा योजनेत नोकरी नसलेली बाई स्वतः वर्गणी भरून सदस्य राहू शकते आणि तिलाही बाळंतपणाचा लाभ मिळतो. २०१९ च्या कायद्याने तो १०५ दिवसांचा झाला. एकट्या आईला आणखी १५ दिवस, गर्भपात झाल्यास ६०. अट एवढीच की ठरलेल्या १२ महिन्यांत किमान तीन महिन्यांची वर्गणी भरलेली हवी.

पण ते १२ महिने कोणते? बाळंतपण ज्या तिमाहीत येतं ती आणि तिच्या आधीची अशा दोन तिमाह्या वगळायच्या आणि त्यांच्या मागचे १२ महिने बघायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये मूल झालं असेल तर एप्रिल ते सप्टेंबर २०२५ बाद, मोजायचे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. मुदत उलटल्यावर मागच्या महिन्यांचे पैसे भरून ते भोक बुजवता येत नाही. शिवाय मालक नसल्यामुळे वर्गणीचे सगळे १५ टक्के तिच्याच पदरचे. म्हणजे ज्या देशात स्वतः भरायची सोय आहे तिथेही “पोट दिसायला लागल्यावर भरा” हे चालत नाही. आपल्याकडच्या मेसेजने तीन महिने उचलले आणि अट तिकडेच ठेवली.

“गरोदर असाल तरी चालेल”

आता आपल्याकडचा नियम. नोकरीत असलेल्या बाईलाही हे नीट माहीत नसतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

ईएसआयचं वर्ष दोन भागांत आहे. एप्रिल ते सप्टेंबर अंशदान, म्हणजे वर सांगितलेला वाटा, कापलं जातं, त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून. ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानाचा लाभ जुलै ते डिसेंबर. बाळंतपण ज्या लाभकाळात येतं, त्याच्या हिशेबातले लगेच आधीचे दोन अंशदानकाळ बघायचे आणि त्या दोन्हींत मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान हवं. तारीख ऑगस्ट २०२६ ची असेल तर एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळातले दिवस मोजायचे. एप्रिल, मे, जून २०२६ मध्ये कितीही भरलं तरी या बाळंतपणाला त्याचा उपयोग नाही.

मग एप्रिल २०२६ मध्ये गरोदरपणातच नोकरीला लागलेल्या आणि ऑगस्टमध्ये बाळंत होणाऱ्या बाईला काहीच नाही का? इथे मेसेजही चुकतो आणि त्याला खोडणारेही. ईएसआयकडून ती पात्र ठरेपर्यंत तिचा हक्क मालकाकडे राहतो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेलं असलं की झालं. “तुझं ईएसआय आहे ना, तिकडे जा” असं म्हणून एच.आर.वाले हात झटकतात तेव्हा ८० दिवसांचा हिशेब समोर ठेवायचा.

दुसरी चूक उलट बाजूची. त्याच मेसेजखाली एका काकांनी लिहिलं, “नोकरी सुटली की सगळं संपतं.” नाही संपत. ७० दिवस आधीच भरलेले असतील तर त्या लाभकाळात नोकरी नसतानाही प्रसूती लाभ मागता येतो. रबाळ्याच्या एका कारखान्यातून कमी केलेली मुलगी माझ्याकडे रडत आली होती. मार्चपर्यंतची चलनं काढून बघितली, दिवस पुरून उरत होते. मालकाने मात्र तिला सांगून टाकलं होतं की आता तुझं काही नाही.

२६ आठवड्यांतले जास्तीत जास्त आठ तारखेआधी घेता येतात. दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर १२ आठवडेच मिळतात. हे मेसेजमध्ये अर्थातच नाही.

“नाव लावून देण्याची सोय आहे”

मेसेजचा खरा धंदा या ओळीत आहे. कुठल्या तरी कारखान्याच्या हजेरीवर तुमचं नाव चढवायचं, तुमचे पैसे तुमच्याच नावावर भरायचे, वर “फी” घ्यायची. तुम्ही त्या गेटच्या आत कधी पाऊल टाकलेलं नसतं. खोटी माहिती देऊन लाभ घेणं हा गुन्हा आहे आणि मिळालेले पैसे परत करावे लागतात. तपासणी झाली की बँक खातं, आधार, सही सगळं तुमचं सापडतं. एजंटचं फक्त टोपणनाव आणि बंद पडलेला नंबर.

“२०१७ पासून”

२०१७ मध्ये एवढ्या गोष्टी झाल्या की गोंधळ होणं साहजिक आहे. ईएसआयची पगारमर्यादा १५,००० वरून २१,००० झाली, प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजना सुरू झाली. यांतल्या पहिल्या दोन नोकरदार बाईसाठी. बिननोकरीच्या बाईसाठी यातली फक्त तिसरी.

“ई-श्रम कार्ड असेल तर”

ई-श्रम म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंद. त्यावर पगार मिळत नाही, ना २६ आठवड्यांचा ना २६ दिवसांचा. पण कार्ड निरुपयोगीही नाही. मातृवंदनेसाठी पात्रता दाखवायला जे कागद चालतात, त्यांत ई-श्रम कार्ड आहे, रेशनकार्ड आहे, वार्षिक उत्पन्न आठ लाखांखाली असल्याचा दाखलाही आहे. पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर एकदम ६,०००. पहिला हप्ता ३,००० चा, तो गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झाल्यावर. उरलेले २,००० बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या फेरीच्या लसी झाल्यावर.

आणि स्वतः नोंदणी करून बाळंतपणाला पैसे मिळण्याची जागा हवीच असेल, तर ती राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात आहे. घणसोली, उलवे, घोडबंदर पट्ट्यात साइटवर राबणाऱ्या कितीतरी बायकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदीत बाईला, किंवा नोंदीत कामगाराच्या बायकोला, नैसर्गिक बाळंतपणासाठी १५,००० आणि सिझेरियनसाठी २०,००० मिळतात, दोन अपत्यांपर्यंत. (या ९० दिवसांचेही खोटे दाखले विकणारे आहेत. त्यांच्याही नादी लागू नका.)

“करूनच टाकू का?” विचारणारी कळव्यात घरून डबे करते. पाचवा महिना, पहिलं बाळ. तिने एजंटला अजून पैसे दिले नव्हते, हे नशीब. तिला सांगितलं, आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड आणि दवाखान्यातलं माता-बाल संरक्षण कार्ड घे आणि मातृवंदनेच्या अर्जासाठी सकाळी अंगणवाडीत जा, तिथल्या बाई दुपारी निघून जातात.