थंय काय हा?

परवा सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या मोबाईलने मला कळवलं की मी शेवटचे चार किलोमीटर ताशी ३२ च्या वेगाने धावले. अभिनंदन, नवा वैयक्तिक विक्रम, आणि स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत मारले होते, त्याची सरासरी काढली तर ताशी साडेसदतीसच्या आसपास येते. (मी काढली. रागात माणूस काहीही करतं.) म्हणजे मी, वय ४६, डावा गुडघा कुरकुरणारा, नोकरी पतसंस्थेत बसून, देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर (म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर) बोल्टच्या जेमतेम पाच-सहा किलोमीटर मागे, आणि तेही मांडीवर दोन किलो बांगडे घेऊन.

ते अॅप फॅमिली ग्रुपला जोडलेलं आहे, ही चूक माझीच. पुण्याच्या नणंदेने लगेच आगीचे तीन इमोजी टाकले, "वहिनी, सुटलीस अगदी!" नवऱ्याने अंगठा टाकला. तो माझ्या शेजारी बसून चहा पीत होता तेव्हा.

तर झालं असं. जूनमध्ये रिपोर्ट आला, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे बॉर्डर, घाबरू नका, चालायला लागा. पावसात काय चालणार, आमच्याकडे जून-जुलैत पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, चिऱ्यांवर असं शेवाळ धरतं की माणूस चालत निघतो आणि बसून पोचतो. गणपती झाले, पाऊस ओसरला आणि मी सुरू केलं. परवापर्यंत सलग ४१ दिवस. आयुष्यात सलग ४१ दिवस मी दुसरं काही केलेलं नाही, स्वयंपाक सोडून.

लोकांना वाटतं कोकणात काय, समुद्र आहे, पुळण आहे, पळा की. पुळणीवर पळायचं तर ओली घट्ट पट्टी लागते, आणि ती मिळते ओहोटीला. सासऱ्यांनी शिकवलेला हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. परवा सप्तमी, म्हणजे सव्वापाचला भरती, सहाला गेलं तर नुसती मऊ कोरडी वाळू, पोटऱ्या जातात. त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस मी समुद्र सोडून वर सड्यावर जाते. घरून निघायचं, घाटी चढायची, सड्यावरून चिरेखाणीच्या बाजूने वडापर्यंत आणि परत. बरोबर पाच किलोमीटर. ऑक्टोबरात सकाळी तिथे गवत सोनेरी झालेलं असतं, खाली भात कापायला आलेलं, पलीकडे समुद्र. हे सगळं मी बघते असं समजू नका, मी खाली बघत पळते, कारण सड्यावर दगडांच्या आडोशाला फुरसं असतं. वीतभर जनावर, पण अंगावरचे खवले घासून तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज काढतं. तसा आवाज आला की माझा वेग कुठल्याही अॅपशिवाय वाढतो.

घाटी संपते तिथे मी रोज अर्धमेली असते. परवाही होते. कमरेवर हात, तोंड उघडं, ओढणी गळ्याला गुंडाळलेली. आणि मागून दाजीकाकांची स्कूटर आली.

दाजीकाका आमच्या वाडीतले, पंचाहत्तरीचे. त्यांच्या स्कूटरला आरसा नाही, कारण मागे काय चाललंय ते त्यांना तसंही सगळं माहीत असतं. माझ्याजवळ येऊन त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं (हे वाईट लक्षण, चालू ठेवलं असतं तर दोन वाक्यांत सुटले असते) आणि पाय खाली टेकले.

"काय गो, कोणाचा काय झाला?"

"कुणाला काही नाही झालं काका. पळतेय."

"ता दिसता माका. कित्याक?"

"व्यायाम."

त्यांनी हा शब्द जरा चघळला. मग विचारलं, "खंय जातंस?"

"वडापर्यंत."

"थंय काय हा?"

"काही नाही."

"कोण येवचो हा थंय?"

"कुणी नाही हो."

"मगे थंयसून खंय जातलंस?"

"परत घरी."

दाजीकाका गप्प झाले. पतसंस्थेत कर्जदाराने सांगितलेला हिशोब जुळला नाही की आमचे मॅनेजर जसे गप्प होतात तसे. मग एकेक बोट मुडपत त्यांनी मला माझाच बेत समजावून सांगितला. "म्हणजे घराकडसून निघतलंस. वडाकडे कोण नाय, कायव नाय, थंय जातलंस. आणि परत घराक येतलंस. मगे घराक होतंस ताच काय वायट होता?"

याला उत्तर आहे का? मी परवापासून शोधतेय, मला मिळालेलं नाही. त्या क्षणी मी आणखी मोठी चूक केली, खरं सांगितलं. म्हणलं, काका, शुगर बॉर्डरवर आहे, रोज दहा हजार पावलं चालायला हवं.

"धा हजार? कोणी मोजल्यान?"

आता हे मी मागे कुठेतरी वाचलेलं, ते सांगायची हौस. १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं, तिथे लोकांना चालायचं वेड लागलं, तर पुढच्या वर्षी तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं, त्याचं नावच मुळी दहा हजार पावलांचं. म्हणजे आकडा डॉक्टरांचा नाही, जाहिरातीचा. हे सगळं मी धापा टाकत सांगितलं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जपानाची पावला सपाटेची. आमची घाटयेची. एक पाऊल दोन धरूक होया." आणि मग, "माझी आवस शिवरात्रीक कुणकेश्वराक चलत जाय. तिना एकदाय मोजूक नाय."

इथे मी हसले, आणि मला वाटलं संपलं. मी पाय उचलला. तेवढ्यात आवाज खाली करून, आजूबाजूला बघून (आजूबाजूला फक्त एक म्हैस होती) त्यांनी विचारलं, "घरात झगडलंस काय?"

"नाही हो काका!"

"नाय, सांग. मी कोणाक सांगूचंय नाय. घाटावरची माणसा रागान चलत सुटतत, माका ठावक आसा."

माझ्या लग्नाला १९ वर्षं झाली. सोलकढी मला सासूपेक्षा बरी जमते, हे सासू स्वतः म्हणते, पाहुणे नसताना. पण मी अजून घाटावरची. आणि वड ज्या बाजूला आहे त्याच बाजूला पुढे एसटीचा थांबा आहे. म्हणजे काकांच्या डोक्यात एव्हाना चित्र पूर्ण झालेलं, सून भांडली, पहाटेच निघाली, सांगलीची गाडी धरणार. फक्त सामान कसं नाही एवढंच त्यांना कोडं होतं. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला आणि लावला. स्पीकरवर. त्यांचा फोन कायम स्पीकरवरच असतो.

"वयनीनू, मी दाजी. तुमची सून सड्यार गावली."

गावली. सापडली. हरवलेली गाय सापडते तशी.

"नाय नाय, बरी आसा. धावता हा. माका काय ठावक? इचारलंय तर सांगता, वडाकडे जातंय, थंय कायव नाय म्हणान."

पलीकडे माझी सासू. तिला मी रोज सांगून निघते. माझ्या बाजूने एक शब्द बोलायची तिला आयती संधी होती. ती म्हणाली, "गावली मां? बरा झाला. तुमी रापणीवर जातास तर तिकाय वांगडा न्या. बांगडे घेवन येवक सांगा. बारके नको म्हणा."

"बस गाडयेर," दाजीकाका म्हणाले.

तुम्ही म्हणाल बसायचं नाही. तुम्ही कोकणात राहत नाही. इथे कुणी "बस, सोडतंय" म्हणलं आणि तुम्ही नाही म्हणालात तर तो अपमान असतो, तो माणूस पुढे जाऊन चार ठिकाणी सांगतो, आणि चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत तुम्ही रडत होतात. मी बसले. मोबाईल खिशात मोजत होता, त्याला थांबवायचं भान कुणाला?

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, नुकतीच ओढून झाली होती. दोरखंड वाळूत पडलेले, बांगडे टोपल्यांत उड्या मारत होते, वर कावळे, घारी, गिऱ्हाइकं. आणि दाजीकाका प्रत्येकाला, न विचारता, "सड्यार गावली" म्हणून माझी ओळख करून देत होते. ज्या पुळणीवर मी आठवड्यातून तीन दिवस पळते तिथे मी बांगड्याची पिशवी धरून उभी, आणि ज्या बाया मला पळताना बघून पदर तोंडाला लावतात त्या आज अगदी प्रेमाने बोलल्या. हातात पिशवी होती ना. पिशवीतून पाणी गळत होतं ते थेट बुटांवर, ३,४९९ रुपयांचे, वरून जाळीचे, पाय श्वास घेऊ शकावेत म्हणून. आता पाय श्वास घेत नाहीत. मीही घेत नाही, बूट जवळ असले की. दोनदा धुतले, उन्हात ठेवले, तरी आज वाडीतली दोन मांजरं पाखाडीपर्यंत सोबत आली.

हसताय, हसा. पण मला यातलं एक खरंच लागलंय. माझा नवरा याच रस्त्याने जातो, महिन्यातून दोनदा, पोटावर हात फिरवत. त्याला आजवर कुणी थांबवलं नाही. "काय, वॉक?" "हो, वॉक." झालं. आणि मी निघाले की गडग्यागडग्यावरून चौकशी, कोण आजारी, दवाखान्यात चाललीस, पतसंस्था लवकर उघडली काय. बाई रस्त्यावर आहे म्हणजे कुठून तरी कुठेतरी चालली असणार, काहीतरी आणायला नाहीतर पोचवायला. नुसती चालली आहे, हे बसत नाही कुणाच्या डोक्यात. दाजीकाका मनाने वाईट नाहीत, माझ्या बाळंतपणात रात्री दोन वाजता त्यांनीच रिक्षा शोधून आणलेली. म्हणूनच जास्त चिडचिड होते, धड भांडताही येत नाही.

आणि रस्ता तरी कुठे उरलाय. पूर्वी वाडीतून पुळणीवर जायला पाणंद होती, दोन्ही बाजूंना गडगे, वर करवंदीची जाळी, दहा मिनिटांत खाली. मुलं त्याच वाटेने शाळेत जायची. ती जागा बाहेरच्या कुणीतरी घेतली, बंगला बांधला, वर्षातून आठ दिवस येतात, आणि पाणंदीच्या तोंडाशी निळे पत्रे ठोकले. पत्र्याला कुलूप, कुलपाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, गंजू नये म्हणून. विचारलं तर म्हणे सातबाऱ्यावर वाट दाखवलेली नाही. शंभर वर्षं लोक चालले ते कागदावर कुणी लिहून ठेवणार होतं का? आता पुळणीवर जायचं तर डांबरी रस्त्याने वळसा, रस्त्याच्या कडेला पाऊल ठेवायला जागा नाही, चिऱ्याचे डंपर अंगावरून गेल्यासारखे जातात आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो, त्यांना तर वाशीची पहाट गाठायची असते. पण तिथे बघा, डंपरवाला कधी थांबून विचारत नाही, खंय जातंस म्हणून. तो बिचारा माझं खासगीपण जपतो.

असो. काल घरी बसले. ४१ वर साखळी तुटली. अॅपने विचारलं, सगळं ठीक आहे ना?

आज सकाळी एक युक्ती केली. निघताना दारामागची कापडी पिशवी घेतली, रिकामी, घडी करून काखेत. आणि खरं सांगते, जादू. गडग्यावरच्या आजींनी मान वर केली, पिशवी बघितली, मान खाली. गोठ्याशी दूध काढणाऱ्या वहिनींनी नुसतं "गो" म्हणलं. घाटीत मी चक्क पळाले, पिशवी फडफडत होती, कुणी काही विचारलं नाही. पिशवी घेऊन पळणारी बाई म्हणजे उशीर झालेली बाई, त्यात विचारायचं काय.

घाटी संपली तिथे स्कूटर उभी. इंजिन बंद.

"खंय चललंस?"

"दुकानात काका," मी पिशवी दाखवली.

त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. सून ताळ्यावर आली होती. "बरा, बरा. जा," म्हणाले, आणि किक मारली. मी वडाच्या दिशेने दहा पावलं गेले नसेन तेवढ्यात मागून हाक.

"गो, दुकानात जातंस तर माका अर्धो किलो साखर घेवन ये. पैशे मगे दितंय."

दुकान वडाच्या पुढे दीड किलोमीटर. मी गेले. येताना दाजीकाकांच्या दारात पिशवी रिकामी केली, काकी चहा घे म्हणाल्या, गोड केलाय म्हणाल्या. आठ किलोमीटर झाले आज, सगळे स्वतःच्या पायांनी, आणि बावीस रुपये अजून यायचे आहेत.