झोपलेल्या कॉम्प्युटरचे वॉट मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

वीजबिल वाढलं की घरात कोणावर तरी संशय घ्यावाच लागतो. पाणी तापवणाऱ्या हीटरवर घेऊ नका. तो दोन हजार वॉटचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याच्यावाचून तुमचं चालणारही नाही. एसीचं तर नावच काढू नका. आरोपी असा निवडावा की त्याला शिक्षा झाली तरी आपली गैरसोय होऊ नये. टेबलाखाली निपचित पडलेला, एकच बारीक दिवा लुकलुकवणारा कॉम्प्युटर त्या दृष्टीने अगदी सोयीचा.

आता तो झोपेत किती वीज खातो ते मोजायचं. आकडा आधीच ठरवून ठेवा, म्हणजे मोजताना चुकायची भीती राहत नाही.

झोप नेमकी कोणती, या भानगडीत पडू नका. जाणकार सांगत बसतील की स्लीपमध्ये रॅमला, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीला, वीज मिळत राहते, हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून बाकी कारभार बंद होतो, आणि शटडाउन केलं तरी एसएमपीएस (कॉम्प्युटरमधला वीज पुरवणारा डबा) मदरबोर्डला 5 व्होल्टचा एक पुरवठा चालू ठेवतोच. नाहीतर उद्या सकाळी तुम्ही बटण दाबलंत हे कळणार कोणाला? त्यात हल्लीच्या कित्येक लॅपटॉपांत ‘मॉडर्न स्टँडबाय’ आहे, म्हणजे डोळे मिटून मेल वाचणं. या प्रत्येक अवस्थेचा आकडा वेगळा येतो. तुम्ही मात्र पडदा काळा झाला की झोप लागली असं धरून चाला. नुसता मॉनिटर मिटला असेल आणि आत पंखा फिरत असेल, तर पन्नास-साठ वॉटचा दणदणीत आकडा हाती लागेल. तोच ‘स्टँडबाय’ म्हणून चारचौघांत सांगा. एक-दोन वॉट सांगणाऱ्याकडे कोण मान वळवून बघतो?

आता मीटर. तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर सगळ्यात उत्तम, कारण त्यातून हवा तो निकाल काढता येतो. कॉम्प्युटरला निर्दोष सोडायचं असेल तर अख्खी केबल चिमट्यात धरा. जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांना खोडून काढतात आणि मीटर शून्य दाखवतो. दोषी ठरवायचं असेल तर एकटी फेज वायर चिमट्यात धरा, जे अँपिअर दिसतील त्यांना 230 व्होल्टने गुणा आणि आलेल्या उत्तराला बिनदिक्कत वॉट म्हणा. (त्यासाठी चालू केबल सोलू नका. एवढं वाक्य उपरोधाने वाचायचं नाही.)

या गुणाकाराची मजा थोडी उलगडून सांगतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, विजेतला गोंगाट गाळायला. तो 0.47 मायक्रोफॅरडचा असेल तर 50 हर्ट्झच्या 230 व्होल्टवर त्यातून सुमारे 34 मिलिअँपिअर प्रवाह येत-जात राहतो. 0.034 अँपिअर गुणिले 230 केले की जवळजवळ आठ! प्रत्यक्षात हा कपॅसिटर घेतलेली ऊर्जा लगेच परत करतो. त्याचा खरा खप नगण्य, आणि घरगुती मीटर ज्या युनिटांवर बिल लावतो त्यांत तो धरला जात नाही. म्हणजे ते आठ व्होल्ट-अँपिअर, वॉट नव्हेत. पण इतकं बारकाईने कोण बघतं? शाळेत व्होल्ट गुणिले अँपिअर शिकलो ते काय उगाच? कोणी पॉवर फॅक्टरचा, म्हणजे खरे वॉट आणि व्होल्ट-अँपिअर यांच्या गुणोत्तराचा, विषय काढलाच, तर त्याला चहा विचारा.

काही लोक सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा वॉटमीटर घेतात. घ्या. पडद्यावर दशांश चिन्हानंतरही आकडा दिसतो, तेव्हा तो खरा असणारच. स्वस्तातले मीटर दोन-तीन वॉटच्या खाली चाचपडतात, काही तर सरळ शून्य दाखवतात, पण हे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं नसतं, म्हणून मनावर घेऊ नका. सोबत एक बल्ब लावायचा, दोघांचे मिळून वॉट मोजायचे आणि नुसत्या बल्बचे वजा करायचे, अशीही युक्ती आहे. मात्र लाइनचं व्होल्टेज जरा हललं की बल्बचा आकडाच इतका हलतो की उरलेल्या फरकात कॉम्प्युटर किती आणि बल्ब किती, देव जाणे.

एक कंटाळवाणी पद्धत आहे, ती मुद्दाम सांगतो म्हणजे चुकूनही वापरणार नाही. तळाच्या वॉटांतही बरा चालणारा मीटर घ्यायचा, तो युनिट मोजण्यावर ठेवायचा, कॉम्प्युटरला एकाच अवस्थेत तीन दिवस सोडायचं आणि भागाकार करायचा. 72 तासांत 0.16 युनिट, म्हणजे 160 वॉट-तास, पडले तर 160 भागिले 72, म्हणजे साधारण 2.2 वॉट. यात नाट्य नाही. आयईसी 62301 नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानकही नेमकं याच कामासाठी आहे, आणि त्यातही सरासरीचंच कौतुक. आकडा एका नजरेत उचलण्यात जी धडाडी आहे, ती त्यात कुठली?

घरच्याच मीटरवर मोजायचं असेल तर बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि मीटरवरच्या लाल दिव्यापुढे बसा. मीटर एका युनिटला 3200 वेळा लुकलुकणारा असेल तर दोन वॉटसाठी साधारण दर साडेनऊ मिनिटांनी एकदा लुकलुकेल. अर्थात इतक्या किरकोळ भाराला त्याला जाग आली तर. फ्रिजमध्ये काय वितळतंय ते नंतर बघू.

बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, बऱ्याचदा ‘ईआरपी’ नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की बंद कॉम्प्युटरची ती चोरटी भूक अर्ध्या वॉटच्या आसपास किंवा खाली येते. नेटवर्कवरून कॉम्प्युटर उठवण्याची सोय मात्र जाते. 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एक वॉटचा आग्रह धरला, युरोपीय संघाने 2013 पासून बऱ्याच घरगुती उपकरणांना बंद अवस्थेत अर्ध्या वॉटची मर्यादा घातली, आणि त्यातून हा पर्याय तुमच्या बायोसपर्यंत आला. एवढा प्रवास करून आला आहे, त्याला विश्रांती घेऊ द्या. तिकडे फिरकू नका.

हिशेबही एकाच बाजूचा करा. दोन वॉट वर्षभर, म्हणजे साडेसतरा युनिट. हे तावातावाने सांगा. तोच कॉम्प्युटर 60 वॉट घेत रोज आठ तास रिकाम्या खोलीत जागा राहतो त्याचे वर्षाला 175 युनिट होतात, दहापट, पण ते उच्चारू नका. मोरीला बोळा घालण्याचं काम चाललेलं असताना दरवाजाकडे बघायचं नसतं.

एकदा मोजून भागणार नाही, रोजच्या नोंदी हव्यात. त्यासाठी कॉम्प्युटरवर छान रंगीत तक्ता करा. एका तासाच्या या कामात तो झोपेत तीस तासांत खाईल तेवढी वीज खाईल, पण तो रकाना तक्त्यात ठेवायचाच नाही. आणि काम झालं म्हणून कॉम्प्युटर लगेच झोपवू नका. उद्या आलेख काढायचा आहे, तेव्हा फाइल रात्रभर उघडीच असू दे.