‘नव्वद दिवस सिनेमे बघा, सात बँड घ्या’ : या मेसेजमधलं काय पाळायचं, काय सोडायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर आयईएलटीएस, म्हणजे परदेशी शिक्षण-नोकरीसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा, देणाऱ्या मुलामुलींसाठी एक मेसेज सारखा फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा : मराठी माध्यमवाल्यांनो, क्लासला पैसे घालू नका. ९० दिवस रोज एक इंग्रजी सिनेमा सबटायटल लावून बघा. इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. डिक्शनरीतले २० शब्द पाठ करा. रोज एक फुल टेस्ट सोडवा. परीक्षेत ब्रिटिश उच्चारच असतात, त्यांचीच सवय करा. येत नसेल ते उत्तर कोरं सोडा, मार्क कापतात. आपला दिवस कानडी-मराठीत जातो म्हणून आपल्याला इंग्रजीचा कान नाही, तो असाच तयार होतो. लिसनिंग-रीडिंगला ७ बँड पक्के.

क्लासशिवाय तयारी होते, एवढं यातलं मान्य. ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्न इंग्लिश’ साइटवर पातळीनुसार ध्वनिफिती आणि त्यांचा लिखित मजकूर फुकट आहे, बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ आहे. पण बाकीच्या ओळी तपासून घ्यायला हव्यात. हा मेसेज मनापासून पाळणारा कुणी आळशी नसतो. रोजचे चार-पाच तास तो घालतो, म्हणून हे नुकसान जास्त खुपतं.

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करू. बँड म्हणजे या परीक्षेतली श्रेणी. मग ‘७ बँड पक्के’ म्हणजे नेमके किती प्रश्न बरोबर? लिसनिंगमध्ये ४० पैकी साधारण ३० बरोबर आले की ७. अकॅडमिक, म्हणजे उच्च शिक्षणासाठीच्या परीक्षेच्या रीडिंगमध्येही ३०. जनरल ट्रेनिंग, म्हणजे नोकरी-स्थलांतरासाठीच्या परीक्षेच्या रीडिंगमध्ये मात्र त्याच ३० ला ६ मिळतो, ७ साठी ३४ लागतात. नर्सिंग करून ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, देणाऱ्यांचा हिशोब आणखी वेगळा. तिथे लिसनिंग आणि रीडिंगला प्रत्येकी ४२ प्रश्न. लिसनिंगची सुरुवात पेशंटशी झालेल्या दोन संभाषणांवरून नोंदीतल्या २४ गाळलेल्या जागा भरण्याने होते, तर रीडिंगच्या पहिल्या भागात चार छोट्या मजकुरांवरचे २० प्रश्न १५ मिनिटांत उरकावे लागतात. मेसेज यातलं काही विचारतच नाही. सगळ्यांना एकच औषध.

‘रोज एक इंग्रजी सिनेमा, सबटायटल लावून.’ सबटायटल समोर असलं की डोळे वाचतात आणि कान सुट्टीवर जातो. त्यातही सबटायटल बोलण्याशी शब्दाला शब्द जुळतं असं नाही. पट्टीत मावावं म्हणून वाक्य छाटलेलं असतं. सिनेमात चेहरा, हातवारे, संगीत अर्थ पुरवतात, तर परीक्षेत समोर फक्त प्रश्न आणि कानात आवाज. तो आवाजही एकदाच. चार भाग, ४० प्रश्न, साधारण ३० मिनिटं, मागे नेण्याची सोय नाही.

दोन तासांच्या सिनेमापेक्षा तीन मिनिटांची ध्वनिफीत घ्या, जिचा मजकूर हाताशी आहे अशी. पहिल्यांदा नुसती ऐका आणि कोण, कुठे, कशाबद्दल बोलतंय ते मराठीत एका ओळीत लिहा. दुसऱ्यांदा प्रश्न सोडवत ऐका. तिसऱ्यांदा मधला ४०-५० सेकंदांचा तुकडा थांबवत थांबवत, कानावर पडला तसा शब्दन्‌शब्द लिहून काढा. याला अर्धा तास लागतो, कंटाळाही येतो. मग मजकूर उघडून लाल पेनने तपासा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा. कारणं चारच असतात : शब्द माहीत नव्हता, माहीत होता पण बोलण्यात ओळखला नाही, ओळखला पण स्पेलिंग किंवा शेवटचा ‘एस’ चुकला, सगळं बरोबर ऐकलं, पण प्रश्नच नीट वाचला नव्हता.

दुसऱ्या कारणाच्या, म्हणजे माहीत असून न ओळखलेल्या शब्दांच्या चुका सर्वांत जास्त निघाल्या तर दचकू नका. आपण इंग्रजी शब्द पुस्तकातून शिकलेले असतो, प्रत्येक शब्द सुटा आणि ठणठणीत उच्चारलेला. मराठीत अक्षरांना जवळपास सारखा वेळ मिळतो, तर इंग्रजी बोलणारा एका अक्षरावर जोर देतो आणि बाकीची गिळतो. ‘कॅन’ हा शब्द वाक्यात नुसता ‘कन्’ उरतो. जोरात ‘कान्ट’ ऐकू आलं तर तो नकार. अमेरिकन माणूस मात्र ‘कॅन्ट’मधला ‘ट’ जेमतेम उच्चारतो, तेव्हा स्वर पूर्ण ऐकू येतो की गिळलेला, हीच खूण. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’मध्ये जोर कुठे आहे आणि शेवटी ‘न’ आहे का, हे ऐकायचं. अनेकवचनाचा ‘एस’ तर इतका हलका येतो की व्याकरणावरूनच ठरवावा लागतो. आधी ‘अ’ नाही आणि क्रियापद ‘आर’ आहे, म्हणजे शब्द अनेकवचनी. ‘टिकेट्स’च्या जागी ‘टिकेट’ लिहिलं की तो प्रश्न गेला.

खानापूर–बेळगाव बसमध्ये इअरफोन लावून ‘लिसनिंग’ करणारे पुष्कळ असतात. नवीन ध्वनिफितीसाठी बस ही वाईट जागा, पण काल चिरफाड केलेला तुकडा पुन्हा ऐकायला उत्तम. बोलणाऱ्याच्या मागोमाग ओठ हलवत म्हणता आलं तर आणखी बरं. शेजारचा बघेल, बघू दे की.

‘इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत.’ वर्तमानपत्र वाचणं चांगलंच, पण परीक्षेची तयारी म्हणून ते फार कमी पुरतं. बातमीत मुख्य मुद्दा पहिल्याच परिच्छेदात येतो, पुढचं वाचलं नाही तरी चालतं. परीक्षेचा उतारा बऱ्याचदा उलट्या घडणीचा असतो. आधी एक मत, मग त्याला आक्षेप, मग पुरावा, आणि लेखकाचं स्वतःचं म्हणणं पार शेवटाकडे. शिवाय आपल्या पेपरांतल्या लाख-कोटींच्या आणि तोडून लिहिलेल्या मथळ्यांच्या इंग्रजीशी त्या उताऱ्यांचं इंग्रजी फारसं जुळत नाही.

आता वेळेचा हिशोब. अकॅडमिकचे तीन उतारे मिळून २१५० ते २७५० शब्द, वेळ ६० मिनिटं, आणि उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही. मिनिटाला १५० शब्द वाचणाऱ्याची मोठ्यातल्या मोठ्या उताऱ्यांना १८-१९ मिनिटं जातात, प्रश्नांना ४१ उरतात. मिनिटाला ८० शब्द वाचणाऱ्याची ३४ मिनिटं नुसत्या वाचनातच संपली. हा ८० चा वेग बहुतेक वेळा मनातल्या मनात भाषांतर केल्यामुळे असतो. मराठीत आपण ‘मामाने बांधलेलं घर’ म्हणतो. इंग्रजीत घर आधी येतं, मामा आणि बांधणं मागाहून. भाषांतर करत वाचणारा दर लांब वाक्याच्या टोकाला जाऊन परत फिरतो. कानडीतही विशेषण-वाक्य आधीच येतं, त्यामुळे ती भाषा येत असली तरी ही सवय सुटत नाही. उपाय असा : पेन्सिलीने वाक्यातला कर्ता आणि मुख्य क्रियापद तेवढं अधोरेखित करा, ‘विच’, ‘हू’, ‘दॅट’पासूनचा भाग कंसात टाका आणि पुढे चला. प्रश्न त्या कंसावर आला तरच मागे या.

रोज अख्खा पेपर वाचण्याऐवजी ७००-८०० शब्दांचा एक विज्ञानविषयक किंवा वैचारिक लेख घ्या, घड्याळ लावा आणि प्रत्येक परिच्छेदाचं सार समासात पाच-सहा मराठी शब्दांत लिहा. हो, मराठीतच. परिच्छेदाला शीर्षक जुळवण्याचे जे प्रश्न येतात, त्यांची ही थेट तालीम आहे. इंग्रजीत सार लिहायला गेलं की लेखातलेच शब्द उचलले जातात आणि समजल्याचा भास होतो.

वाचनात पुष्कळ मार्क जिथे सांडतात त्या ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’चं तर मेसेजमध्ये नावही नाही. समजा उताऱ्यात लिहिलंय : ‘बेळगावच्या किल्ल्याभोवती खोल खंदक आहे.’ विधान पहिलं : ‘किल्ल्याभोवती खंदक नाही.’ हे फॉल्स, उतारा त्याच्या विरुद्ध बोलतो. विधान दुसरं : ‘खंदक शत्रूला अडवण्यासाठी खणला होता.’ बेळगावचं शाळकरी पोरही यावर मान डोलावेल, पण उताऱ्यात खंदक कशासाठी खणला हे कुठेच नाही, म्हणून उत्तर नॉट गिव्हन. जो विषय आपल्याला घरचा वाटतो तिथेच माणूस घसरतो. फॉल्स लिहायचं तर त्या विधानाला खोटं पाडणाऱ्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवायला ओळ सापडत नसेल, तर दीड मिनिटाच्या वर शोधू नका, नॉट गिव्हन लिहा आणि पुढे चला.

‘डिक्शनरीतले २० शब्द.’ ९० दिवसांत १८०० शब्द होतात, कागदावर. प्रश्नात आणि उताऱ्यात तोच शब्द क्वचितच सारखा असतो. उताऱ्यात ‘स्वस्त’ असेल तर प्रश्नात ‘परवडणारं’ असतं. म्हणून एकटा शब्द नको, जोडी हवी : प्रश्नात काय होतं, मजकुरात काय होतं. अशा पाच-सात जोड्या, त्याही त्या दिवशीच्या स्वतःच्या चुकांतून काढलेल्या. आपल्याकडच्या इंग्रजीतले काही शब्द तिकडे वेगळे आहेत, तेही वहीत हवेत. आपलं ‘ब्रिंजल’ ब्रिटनमध्ये ‘ओबर्जीन’, हॉटेलातून आणलेलं ‘पार्सल’ तिथे ‘टेकअवे’. पिन कोड म्हटल्यावर आपला कान ५९०००१ सारख्या सहा आकड्यांची वाट बघतो, आणि ब्रिटनच्या पोस्टकोडमध्ये अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. लिसनिंगच्या पहिल्या भागात फॉर्म भरताना हे हमखास भोवतं. ‘झेड’ला अमेरिकन माणूस ‘झी’ म्हणतो, आपल्याकडे ‘एच’ला ‘हेच’ म्हणणारे आहेत. स्पेलिंग सांगून नावं लिहून घेण्याचा खेळ दोघांत दहा मिनिटं खेळा. ‘डबल एल’ ऐकून एकच ‘एल’ लिहिणारे तेव्हाच कळतात.

‘रोज एक फुल टेस्ट.’ ताप रोज मोजला म्हणून उतरत नाही. केंब्रिजच्या सरावपुस्तकात चार टेस्ट असतात. रोज एक सोडवली तर महिन्यात सात पुस्तकं संपतील आणि खरे प्रश्न परीक्षेआधीच उरणार नाहीत. मग ग्रुपवर फिरणाऱ्या, कुणी बनवल्या माहीत नसलेल्या पीडीएफ सुरू होतात. त्यांतली उत्तरंच चुकीची असतील तर आपलं बरोबर उत्तर आपण खोडत बसतो. आठवड्यातून एक पूर्ण टेस्ट, घड्याळ लावून, सकाळी. पुढचे दोन दिवस तिची चिरफाड. उरलेल्या दिवसांत सुटे भाग.

‘ब्रिटिश उच्चारच असतात.’ नाही. ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन, कॅनेडियन आवाजही येतात. तरी उच्चारापेक्षा बोलण्यातली हुलकावणी जास्त फसवते. बोलणारा आधी ‘ट्यूजडे’ म्हणतो, मग ‘नो, सॉरी, वेन्सडे’. पहिला शब्द ऐकताच पेन चालवणारा तिथेच अडकतो. ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘बट’, ‘हाऊएव्हर’ कानावर पडलं की पेन उचलून धरा. एखादं उत्तर निसटलं तर सोडा. ते आठवत बसलं की पुढची दोनही निसटतात. चौथ्या भागात मध्ये थांबा मिळत नाही, तेव्हा हे आधीच अंगवळणी पडलेलं हवं.

‘कोरं सोडा, मार्क कापतात.’ चूक. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी ठेवू नका. मार्क जातात ते सूचना न वाचल्याने. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं लिहिलेलं असताना तीन लिहिले की बरोबर उत्तरही गेलं.

‘कानडी-मराठीत दिवस जातो म्हणून कान नाही.’ ही ओळ खरं तर पुसूनच टाकावी. निपाणीच्या बाजारात जो माणूस मराठीत भाव विचारतो, कानडीत घासाघीस ऐकतो आणि हिंदीत पैसे मोजतो, त्याला प्रत्येक शब्द न समजता अर्थ पकडण्याची सवय आधीच असते. लिसनिंगला लागणारा मोठा गुण तोच.

अडचण आहे, पण ती वातावरणाची नसून वाक्याच्या घडणीची आहे. मराठीत ‘नाही’ शेवटी येतं : ‘दुकान सोमवारी उघडत नाही.’ कानडीतही तसंच, ‘गोत्तिल्ला’ (माहीत नाही) मधला ‘इल्ला’ शेवटीच. त्यामुळे आपला कान नकारासाठी वाक्याच्या शेवटाची वाट बघतो. इंग्रजीत मात्र ‘द शॉप डझन्ट ओपन ऑन मंडेज’, नकार सुरुवातीलाच, तोही गिळलेला. शेवटी पोहोचेपर्यंत आपल्याकडे फक्त ‘शॉप, ओपन, मंडे’ उरतं आणि उत्तर नेमकं उलटं जातं.

यासाठी वेगळा सराव करा. ध्वनिफितीच्या छापील मजकुरात ‘नॉट’, ‘डझन्ट’, ‘वोन्ट’, ‘हार्डली’, ‘अनलेस’, ‘रादर दॅन’ या सगळ्यांना लाल गोल करा. मग कागद उलटा ठेवून ऐका आणि गोल केलेला शब्द कानावर पडला की टेबलावर एक टिचकी मारा. शेवटी टिचक्या आणि गोल मोजा. टिचक्या कमी भरल्या तर कोणता गोल निसटला तो शोधून तेवढंच वाक्य मागे घ्या आणि परत ऐका.